गाडी कुठे लावली?

इंदुरात काय खायचं ते जीभ ठरवत नाही,
गाडी कुठे लागते, त्यावर ठरतं.
हे माझं मत. तीस वर्षांचं,
आणि क्रेनने दोनदा उचलून नेलेल्या स्कूटरचं.

छप्पनला जायचं तर सातच्या आत.
नंतर तिथे मुलं पॅटिसचे फोटो काढत बसतात
आणि पॅटिस बिचारं निवत जातं.
स्वच्छ आहे, बाकं आहेत, कबूल.
पण बाकावर नीट बसून खाल्लेलं चाट
मला उगीच दवाखान्यातलं वाटतं.

पोह्यांसाठी पेट्रोल जाळू नये.
आमच्या कोपऱ्यावर मुन्नालाल वाफेवर ठेवतो,
बडीशेप दाताखाली येते, वर शेव, वर जिरावण.
पुण्याचे पाहुणे विचारतात, नारळ कुठंय?
मी सांगते, पुण्यात.

शेव पाव किलोच्या वर घेऊ नये. मऊ पडते.
(आमच्याकडे किलोने येते. मी घरात एकटी नाही.)

जिरावणाचा मसाला सियागंजातूनच.
पण सियागंजात गाडी?
हातगाडी, हमाल, टेम्पो, मधे एक शांत गाय.
पायी जावं, पिशवी कापडी असावी,
आणि जिरं तळहातावर चोळून हुंगल्याशिवाय
दुकानदाराकडे बघून हसू नये.

आमच्या शिकंजीत लिंबू नसतं.
हे मी आता कुणाला समजावत नाही.
दूध असतं, केशर असतं, चमचा उभा राहतो.
हे म्हणतात पेय, मी म्हणते जेवण,
बिल मात्र दोन्हीचं येतं.

विजयनगरला दोनशे चाळीसची कॉफी मिळते,
गाडी लावायला टोपीवाला मुलगा येतो, फुकट.
म्हणजे कॉफी चाळीसची. बाकी टोपीची.

परवा शरयूवन्सं आल्या, डोंबिवलीहून.
जानेवारीची थंडी, रात्री अकराला सराफा.
भुट्ट्याचा कीस "उपम्यासारखाच" निघाला,
जलेबा "एकट्याने कसा संपवायचा",
कढईतलं दूध "फार गोड".
मी काही बोलले नाही. मफलर सारखा केला.

पाऊण वाजता परतलो तर
आमच्या गाडीला आडवी एक पांढरी, देवासची.
काचेवर नंबर नाही, आत कुणी नाही.
पहारेकरी कैलास म्हणाला,
"आ जाएँगे भिया, खाने ही तो गए हैं."
वन्सं चांदीच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या.
हे मालकाला शोधायला गेले
आणि चाळीस मिनिटांनी आले,
मालकाशिवाय, ओठ तुपाने चकाकत.

मग आला एक पोरगा, हाताशी वडील.
शाल, कानटोपी, पानाचा द्रोण.
"माफ करना आंटी, बाबूजी की बत्तीसी आज ही लगी है.
पूछा पहले क्या खाओगे, तो बोले गराडू."
मी रागाचं वाक्य तयार ठेवलं होतं,
चांगलं होतं, क्रेनसकट.

बाबूजींनी द्रोणातला शेवटचा तुकडा उचलला,
तोंडात टाकला
आणि आम्हाला हाताने थांबवलं, ऐका म्हणून.
बंद शटरांच्या गल्लीत
कुर्र.
वन्सं पायरीवरून उठल्या.
"पुन्हा एकदा," त्या म्हणाल्या,
पण द्रोण संपला होता.
मग चौघं परत आत गेलो. सहा जण, खरं तर,
कैलास दोन्ही गाड्या बघतो म्हणाला.

माझं मत बदललं, असं काही नाही.
रविवारी मंडईतून दोन किलो गराडू आणला,
घासाघीस करून, वर कोथिंबीर फुकट.
सोलताना हात खाजले. दोनदा तळला,
लिंबू पिळलं, मसाला टाकला.
नाही जमला.
वन्सं चावत राहिल्या, आवाज आला नाही.

गाडी दारातच उभी होती.